पैसा, स्वभाव आणि "आधी बाकीचे काय करतात ते बघू"

समजा तुम्हाला तीन अनोळखी माणसांबरोबर एका खोलीत बसवलंय, मध्ये पार्टिशन, कोण कोण आहे ते दिसत नाही. प्रत्येकाला २० टोकन दिलेत आणि शेवटी टोकनचे खरे पैसे मिळणार आहेत. हे टोकन स्वतःकडे ठेवायचे नाहीतर त्यातले हवे तेवढे एका कॉमन डब्यात टाकायचे. डब्यात पडलेल्या प्रत्येक टोकनामागे चौघांनाही ०.४ मिळतात, म्हणजे एक टोकन टाकलं की चौघांचे मिळून १.६ होतात, पण ज्याने टाकलं त्याच्या हातात ०.४ च परत येतात.

आता हिशोब करा. चौघांनी सगळे टाकले तर प्रत्येकाला ३२. कोणीच टाकले नाहीत तर २० चे २०. आणि बाकी तिघांनी सगळे टाकले, तुम्ही मात्र हात आखडला, तर तुम्हाला ४४ आणि त्या बिचाऱ्यांना २४. म्हणजे सगळ्यांचं भलं टाकण्यात आणि एकट्याचं भलं न टाकण्यात. गणपतीची वर्गणी, सोसायटीचा मेंटेनन्स, कॉलेजचा ग्रुप प्रोजेक्ट, विहिरीचं पाणी, सगळीकडे हेच गणित आहे, फक्त आकडे वेगळे.

हा खेळ अर्थशास्त्रवाल्यांनी गेली कित्येक वर्षं जगभर खेळवलाय आणि बहुतेक ठिकाणी होतं एकच. पहिल्या फेरीत लोक साधारण अर्धे टोकन टाकतात, म्हणजे पुस्तकात लिहिलेला पक्का स्वार्थी माणूस प्रत्यक्षात तेवढा भेटत नाही. पण दहाव्या फेरीपर्यंत डबा जवळजवळ रिकामा. चांगली सुरुवात झालेली असताना हे असं का होतं?

सोपं उत्तर आपल्याकडे तयार असतं, की लोक मुळात स्वार्थीच, स्वभावाला औषध नाही. पण मग पहिल्या फेरीत का टाकले? झुरिचमध्ये उर्स फिशबाखर, सायमन गेख्टर आणि अर्न्स्ट फेर यांनी यासाठी एक मस्त युक्ती केली, २००१ मध्ये त्यांचा पेपर आला. लोकांना एक तक्ता भरायला दिला, बाकीच्यांनी सरासरी ० टाकले तर तुम्ही किती टाकाल, १ टाकला तर किती, असं करत करत २० पर्यंत. आणि हे नुसतं बोलायचं नव्हतं, भरलेल्या तक्त्याप्रमाणे खरे पैसे कापले जाणार होते. निघालं असं की साधारण अर्धे लोक "बाकीचे टाकतील तसं मी टाकेन" या जातीचे, आणि साधारण ३० टक्के लोक काही झालं तरी शून्य, म्हणजे आपल्या भाषेत फुकटे. भाग घेणारे विद्यार्थी फक्त ४४ होते, पण नंतर कितीतरी देशांत थोड्याफार फरकाने हेच चित्र आलं. डोळे झाकून सगळं देऊन टाकणारे संत फारच कमी.

यातली खरी गंमत "बघून ठरवणाऱ्यां"मध्ये आहे. हे लोक बाकीच्यांएवढं टाकतात खरे, पण थोडं कमी. बाकीच्यांची सरासरी १० असेल तर हे ८-९ टाकणार. हातचं थोडं राखून. प्रत्येक फेरीत प्रत्येकाने थोडं थोडं राखलं आणि वर ते ३० टक्के फुकटे सरासरी खाली ओढत असले, की डबा आपोआप रिकामा होतो, त्यासाठी कोणी वाईट माणूस असायची गरजच नाही. सोसायटीत गच्चीच्या वॉटरप्रूफिंगचे पैसे गोळा होत नाहीत तेव्हा आपण एका ठराविक फ्लॅटवाल्याला शिव्या घालतो, तो असतोच, पण त्याच्याकडे बघून थांबलेले दहाजण असतात आणि खरी अडचण त्या दहाजणांची असते. ते वाईट नसतात, त्यांना फक्त येडं बनायचं नसतं.

मग फेर आणि गेख्टर यांनी खेळात दंड आणला. एखाद्याने हात आखडला तर बाकीचे स्वतःच्या खिशातला १ खर्चून त्याचे ३ कापू शकतात. २००२ चा प्रयोग तर असा होता की प्रत्येक फेरीनंतर गट बदलायचा, तीच माणसं परत भेटणार नाहीत, म्हणजे दंड करून स्वतःचा पुढे काहीच फायदा नाही. तरी लोकांनी पदरमोड करून दंड केला, आणि डबा भरायला लागला. फुकट्यांचा स्वभाव बदलला असं नाही, त्यांचा हिशोब बदलला, आणि त्यांनी टाकायला लागल्यावर बघून ठरवणाऱ्यांचाही धीर वाढला.

इथपर्यंत वाचून कोणाला वाटेल की चला, दंड लावा, प्रश्न सुटला. थांबा. हाच खेळ २००८ च्या पेपरमध्ये बेनेडिक्ट हेरमन, क्रिश्चियन टोनी आणि गेख्टर यांनी १६ शहरांत खेळवला. बॉस्टन, कोपनहेगन अशा ठिकाणी दंड बहुतेक करून फुकट्यांनाच बसला. पण अथेन्स, मस्कत अशा काही ठिकाणी जे जास्त टाकत होते त्यांनाच लोकांनी दंड केला! "मोठा आला शहाणा, आमची लाज काढतो" टाइप. तिथे दंड असूनही डब्याची तब्येत फारशी सुधारली नाही. ज्याने कोणी कधी सोसायटीचं सेक्रेटरीपद सांभाळलंय त्याला हे वाचून अजिबात आश्चर्य वाटणार नाही, जो करतो त्याच्याच नावाने व्हॉट्सअॅप ग्रुपवर मेसेज पडतात. संशोधकांचं म्हणणं असं की जिथे कायद्यावर आणि सार्वजनिक नियमांवर लोकांचा विश्वास कमी तिथे हा प्रकार जास्त दिसला.

हे झालं दुसऱ्यांकडे बघण्याचं. आता पैसा.

पैशाबद्दल आपल्याकडे दोन टोकाची मतं असतात, एक म्हणतो पैसे द्या, लोक झक मारत करतील, दुसरा म्हणतो पैसा आला की माणुसकी गेली. दोन्ही अर्धवट आहेत.

इस्रायलमधल्या हैफा शहरातला पाळणाघरांचा प्रयोग बऱ्याच जणांनी ऐकला असेल, तरी तपशील बघण्यासारखा आहे. उरी ग्नीझी आणि आल्डो रुस्तिचिनी, पेपर २००० चा. १० पाळणाघरं. पालक मुलांना न्यायला उशिरा यायचे, टीचरना ताटकळत बसावं लागायचं. त्यातल्या ६ ठिकाणी दंड लावला, १० मिनिटांपेक्षा जास्त उशीर झाला की १० शेकेल (तिथलं चलन). उशीर कमी व्हायला हवा, झाला जवळजवळ दुप्पट. आधी उशिरा येणारा पालक टीचरसमोर ओशाळायचा, आता तो १० शेकेल देऊन अर्धा तास विकत घ्यायला लागला. यातला मला सगळ्यात महत्त्वाचा वाटणारा भाग पुढे आहे, काही आठवड्यांनी दंड काढून टाकला तरी उशीर खाली आला नाही. एकदा गेलेली लाज दंड उठवून परत येत नाही.

पण नीट बघा, १० शेकेल म्हणजे किती? महिन्याची फी होती १४०० शेकेल. त्यापुढे हा दंड अगदी चिल्लर. म्हणून "दंड उलटा पडतो" असा सरसकट निष्कर्ष काढणाऱ्यांशी मी सहमत नाही. याच दोघांचा त्याच वर्षीचा दुसरा पेपर आहे, त्यात शाळकरी मुलांना देणगी गोळा करायला दारोदार पाठवलं. एका गटाला काहीच नाही, फक्त कामाचं महत्त्व सांगितलं. दुसऱ्याला जमलेल्या रकमेच्या १ टक्क्याएवढे पैसे, तिसऱ्याला १० टक्क्यांएवढे, आणि हे पैसे देणगीतून नाही तर वेगळे. सगळ्यात जास्त देणगी फुकट फिरणाऱ्यांनी आणली, त्यांच्या खालोखाल १० टक्केवाल्यांनी, आणि सगळ्यात कमी १ टक्केवाल्यांनी. म्हणजे द्यायचे तर घसघशीत द्या नाहीतर पैशाचं नावच काढू नका, मधलं चिरीमिरीचं सगळ्यात वाईट. आपल्याकडे हाउसिंग सोसायटीच्या मॉडेल बायलॉजमध्ये (नमुना नियमावलीत) थकबाकीवर वर्षाला जास्तीत जास्त २१ टक्के सरळव्याज बरीच वर्षं लावता येत आलंय, हे चिरीमिरी नाही, बँकेच्या पर्सनल लोनपेक्षाही बरेचदा महाग पडतं, त्यामुळे ते बऱ्यापैकी चालतं. पण "उशिरा भरल्यास ५० रुपये" अशी नोटीस लावणाऱ्या कमिट्या हैफाचाच प्रयोग फुकटात परत करतायत.

रक्कम मोठी झाली की लोकांची तत्त्वं कशी वागतात यावर एक प्रयोग आपल्याच देशात झालाय, मेघालयातल्या खेड्यांत, पेपर २०११ चा. एकाला पैसे देऊन सांगायचं की यातले थोडे समोरच्याला दे, समोरच्याला पटलं तर वाटणी होईल, त्याने नकार दिला तर दोघांनाही शून्य. छोट्या रकमेत लोक अपमानास्पद वाटणी सरळ नाकारतात, २० रुपयातले ३ देतोस काय, जा, तुलाही नको मलाही नको. संशोधकांनी रक्कम २० रुपयांपासून २०,००० पर्यंत वाढवत नेली, तिथल्या मजुरीच्या हिशोबाने २०,००० म्हणजे साधारण १६०० तासांचं काम. जसजशी रक्कम वाढली तसतसे नकार कमी होत होत जवळजवळ शून्यावर आले. रागाचीसुद्धा किंमत असते, ती परवडली तरच माणूस रागावतो. मला यात लोभ दिसत नाही, ज्याच्या घरात वर्षभराची मजुरी एकदम चालून आली त्याने ती बाणेदारपणे फेकून द्यावी ही अपेक्षाच जरा आगाऊ आहे.

"श्रीमंत लोक जास्त स्वार्थी असतात" हा अजून एक लाडका समज. २००६ मध्ये एक अभ्यास गाजला की नुसती पैशाची आठवण करून दिली तरी माणसं कमी मदत करतात, पण पुढे बाकीच्यांनी असले प्रयोग परत करून बघितले तेव्हा तो परिणाम काही नीट सापडेना, त्यामुळे त्यावर फार भिस्त ठेवू नका. नेदरलँड्समध्ये एका गटाने वेगळाच उद्योग केला, श्रीमंत आणि गरीब घरांच्या पत्रपेट्यांत चुकून आल्यासारखी पाकिटं टाकली, काहींत नोट बाहेरून दिसेल अशी. श्रीमंत घरांनी कितीतरी जास्त पाकिटं खऱ्या पत्त्यावर पाठवली. मग काय, श्रीमंत जास्त चांगले? तसंही नाही. हातातली तंगी आणि पगाराची तारीख हे हिशोबात धरलं तर दोघांमधला फरक उरला नाही. महिनाअखेर हा स्वभावाचा भाग नसतो, पण बाहेरून बघणाऱ्याला तो स्वभावच वाटतो.

आणि २०१९ चा तो हरवलेल्या पाकिटांचा मोठा प्रयोग, ४० देश, ३५५ शहरं, १७,००० हून जास्त पाकिटं, भारतसुद्धा होता. हॉटेल, बँक, पोस्ट अशा ठिकाणच्या काउंटरवर जाऊन "हे रस्त्यात सापडलं" म्हणून पाकीट द्यायचं आणि निघून जायचं. पैसे नसलेली पाकिटं ४० टक्के वेळा परत करायचा प्रयत्न झाला, पैसे असलेली ५१ टक्के. आधी विचारलेल्या सामान्य लोकांचा अंदाज उलटा होता. रिकामं पाकीट ड्रॉवरमध्ये पडून राहिलं तर तो आळस, पैशाचं ठेवून घेतलं तर ती चोरी, आणि स्वतःला चोर म्हणवून घ्यायला बहुतेकांना जड जातं.

पैशाबद्दलचा माझा सगळ्यात आवडता प्रयोग मात्र फार कोणी सांगत नाही. गॅब्रिएले कामेरा, मार्को कासारी आणि मारिया बिगोनी, २०१३. लोक एकमेकांना मदत करू शकतात, मदत करणाऱ्याला खर्च, घेणाऱ्याला जास्त फायदा, आणि समोरचा माणूस बदलत राहतो. गट २ जणांचा, नाहीतर मोठा होत होत ३२ जणांपर्यंत. दोघांच्या जोडीत लोक छान मदत करायचे, आज मी उद्या तू. गट मोठा झाला तसं सहकार्य ढासळलं, कारण आज केलेल्या मदतीची परतफेड कोणी भलताच करेल यावर विश्वास ठेवायचा कसा. मग त्यांनी टोकन आणले, कवडीचीही किंमत नसलेले, त्याच्या बदल्यात काहीही मिळणार नव्हतं. लोकांनी आपणहून त्याचा पैसा केला, मदत हवी तर टोकन दे. आणि मोठ्या गटातलं सहकार्य टिकलं. पण छोट्या गटात तेच टोकन आणले तर सहकार्य उलट कमी झालं, आधी जे सहज होत होतं त्याला आता "टोकन आहे का?" विचारायला लागले.

खेड्यातली सावड किंवा इर्जिक ज्यांनी बघितलीय त्यांना हे समजावून सांगायला नको. आज सगळे मिळून तुझ्या शेतात, उद्या माझ्या, इर्जिकीला जेवण घालायचं, कोणी किती तास केले याची वही नाही. तिथे एखाद्याने "मी जेवायला येत नाही, माझे तीनशे रुपये दे" म्हटलं तर काम तेवढंच होईल पण सावड मोडेल. उलट पुण्या-मुंबईत अनोळखी प्लंबरला "आज तू माझा नळ कर, उद्या मी तुझ्या मुलाचा गणिताचा अभ्यास घेतो" म्हणून बघा. पैसा म्हणजे विश्वासाच्या जागी ठेवलेली वस्तू, विश्वास नाही तिथे ती कामाची, आणि विश्वास आहे तिथे ठेवली की अडगळ.

मग स्वभावाला काही किंमत आहे का नाही? आहे, पण आपल्याला वाटते तशी सरळ नाही. आपण "चांगला स्वभाव" म्हणून जे म्हणतो त्यात मानसशास्त्रवाले दोन वेगळ्या गोष्टी धरतात. एक प्रामाणिकपणा-नम्रता, म्हणजे संधी असूनही दुसऱ्याला न लुबाडणं. दुसरी सहनशील, मिळतंजुळतं घेण्याची वृत्ती, म्हणजे दुसऱ्याने लुबाडलं तरी पटकन न चिडणं. प्रयोगांत हे दोन वेगवेगळे निघतात. वाटणी पूर्ण तुमच्या हातात असेल तेव्हा पहिला गुण कामी येतो, समोरच्याने कमी दिलं तेव्हा दुसरा. म्हणून ऑफिसमध्ये एखादा कायम खेकसणारा माणूस खर्चाच्या बिलात एक रुपया खोटा लावत नाही आणि एखादा गोडबोल्या सगळ्यांचं क्रेडिट घेऊन जातो. २०२० मध्ये ७०० हून जास्त अभ्यास एकत्र करून एक मोठा आढावा आला, त्याचंही सार हेच की स्वभाव दिसायला तशी परिस्थिती लागते, लुबाडायची सोयच नसेल तर प्रामाणिक आणि लबाड सारखेच वागतात.

आणखी एक. एउजेनिओ प्रोतो, आल्डो रुस्तिचिनी (तेच, पाळणाघरवाले) आणि अँडिस सोफियानोस यांनी २०१९ मध्ये मिळतंजुळतं घेणाऱ्यांचे, शिस्तशीर लोकांचे, हुशार लोकांचे असे वेगवेगळे गट करून सहकार्य करायचं की फसवायचं असा दोघा-दोघांतला खेळ परत परत खेळवला. गोड स्वभावाचा फायदा दिसला, पण तो थोडा वेळ टिकला आणि विरला. लांबपर्यंत टिकलं ते हुशार गटांतलं सहकार्य. म्हणजे त्यांचं मन मोठं होतं म्हणून नाही, तर आज फसवलं तर पुढच्या दहा फेऱ्या जातील हे त्यांच्या डोक्यात पक्कं होतं आणि ठरवलेलं ते विसरत नव्हते. हे मला जरा टोचलं, कारण आपण ग्रुप जमवताना "स्वभावाने बरा आहे ना" एवढंच विचारतो.

पैसा, स्वभाव आणि दुसऱ्यांकडे बघणं हे तिन्ही एकत्र बघायचं असेल तर भिशीसारखी जागा नाही. बारा बायका, महिन्याला प्रत्येकी दोन हजार, दर महिन्याला एकीला चोवीस हजार. शुद्ध गणिताने बघितलं तर ही गोष्ट चालायलाच नको, पहिल्या महिन्यात जिला लागली तिने पुढचे अकरा महिने भरायचं कारणच काय? कागद नाही, तारण नाही. तरी वर्षानुवर्षं चालतात, कारण बारा हा आकडा छोटा आहे, सगळ्यांची घरं माहीत आहेत, आणि न भरणारीचं नाव संध्याकाळपर्यंत गल्लीत फिरतं.

हीच गोष्ट अनोळखी लोकांत करायची तर चिट फंड होतो आणि मग १९८२ चा कायदा लागतो. चालवणाऱ्याला म्हणजे फोरमनला रजिस्ट्रारकडे सिक्युरिटी ठेवावी लागते, पैसे आधी उचलणाऱ्याला पुढच्या हप्त्यांची हमी द्यावी लागते, आणि फोरमनचं कमिशन जास्तीत जास्त ७ टक्के, २०१९ च्या दुरुस्तीआधी ते ५ होतं. गल्लीत जे काम बदनामीच्या भीतीने फुकटात होतं त्याचा हा चार्ज. मला तो महाग वाटत नाही. घोळ होतो तो मधल्यामध्ये, भिशी व्हॉट्सअॅपवर जाते, मैत्रिणीची मैत्रीण, तिची जाऊ, असं करत चाळीस नावं होतात, पैसे यूपीआयने, चेहरा कोणीच बघितलेला नाही, पण नियम मात्र अजून बाराजणींचेच. अशा भिशीत पैसे बुडाले की लोक म्हणतात बाई लबाड निघाली, अरे पण चाळिसात एखादी तशी निघणारच, ते धरून चालायला नको होतं का?

जुन्या भिशी चालवणाऱ्या बायका हे धरूनच चालतात. बऱ्याच ठिकाणी चिठ्ठ्या टाकायच्या आधी चालवणारी बाई ठरवून टाकते की नवीन आलेली, कमी ओळखीची असेल तर तिचा नंबर शेवटी. तिला वाईट वाटू नये म्हणून कारण काहीतरी गोड सांगतात, दिवाळीच्या आसपास मिळतील बघ तुला. वर्षभर तिचेच पैसे आधी डब्यात असतात, त्यामुळे तिने पळून जायचा प्रश्नच येत नाही, आणि बाकीच्या अकराजणींना तिचा स्वभाव कसा आहे ते फुकटात बघायला मिळतं. पुढच्या वर्षी ती चिठ्ठीत येते.